नवे इंजिन जपून का चालवायचे?

नवी गाडी घरी आली की हार घातला जातो, पेढे वाटले जातात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. त्याबरोबर एक सूचनाही हमखास मिळते, ‘पहिले हजार किलोमीटर जपून चालवा. गाडी रनिंग-इनमध्ये आहे.’ आपण ती निमूटपणे पाळतो. पण जुन्या यंत्राला जपावे हे समजते. नवे यंत्र तर सर्वांत धडधाकट असायला हवे! वर्गातल्या एखाद्या मुलीने हा प्रश्न विचारला तर आपण काय सांगणार? ‘इंजिन मोकळे व्हावे लागते’ हे उत्तर गॅरेजमध्ये चालेल, वर्गात चालणार नाही. खरे उत्तर शोधायचे तर आपल्याला सुमारे तीनशे वर्षे मागे जावे लागेल.

१७१२ साली टॉमस न्यूकोमेनने खाणीतले पाणी उपसणारे वाफेचे इंजिन उभारले. त्या काळी मोठा सिलिंडर आतून नेमका गोल करण्याची सोय नव्हती. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यात फट राहायचीच. न्यूकोमेनने दट्ट्याला चामड्याची पट्टी लावली आणि वरून पाणी ठेवले. फट पाण्याने बंद! पुढे जेम्स वॅटने वाफ वेगळ्या पात्रात थंड करण्याची युक्ती काढली आणि १७६९ मध्ये तिचे पेटंट घेतले. या युक्तीचा सारा फायदा सिलिंडर सतत गरम राहण्यात होता. मग दट्ट्यावर थंड पाणी कसे ठेवणार? कल्पना तयार होती, पण ती पेलणारा सिलिंडर मिळत नव्हता.

तो मिळाला जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराकडून. त्याने १७७४ मध्ये तोफांच्या नळ्या कोरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. लगेच पुढच्या वर्षी सिलिंडर कोरण्यासाठी त्याने दोन्ही टोकांना आधार असलेला दांडा वापरला, त्यामुळे हत्यार हलेनासे झाले. वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने समाधानाने नोंदवून ठेवले आहे की, पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरमधली चूक जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही नव्हती. आज अशा अचूकतेला आपण हसू. त्या वेळी ती क्रांती होती. उरलेली फट ताग आणि चरबी भरून बुजवत.

तागाचा एक गुण लक्षात घेऊ. तो मऊ असतो, म्हणून सिलिंडरच्या आकाराशी जुळवून घेतो. १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्लंडमधील रेल्वे अभियंत्याने त्याच्या जागी धातूची कडी आणली. ही कडी एका ठिकाणी कापलेली असते आणि मोकळी असताना सिलिंडरपेक्षा किंचित मोठी असते. आत बसवली की ती स्प्रिंगसारखी बाहेर रेटते. हीच आजची पिस्टन रिंग. मात्र धातू तागासारखा दबत नाही. रिंग आणि सिलिंडर यांना एकमेकांशी जुळायचे, तर दोघांनाही थोडे झिजावे लागणार. आमच्या मते रनिंग-इनचे मूळ इथे आहे.

हे आपण रोज हातात धरतो. नवा खडू फळ्यावर टेकवला की प्रथम त्याची कडाच टेकते. रेघ बारीक येते, कधी तो करकरतो. चार ओळी लिहिल्या की कडा झिजून एक सपाट पैलू तयार होतो आणि अक्षर भरदार उमटू लागते. तो खडू फळ्याशी ‘रनिंग-इन’ झालेला असतो.

इंजिनात झिजणाऱ्या ‘कडा’ डोळ्यांना दिसत नाहीत. घर्षणाचे नियम गिओम आमाँतों याने १६९९ मध्ये मांडले. घर्षण भारावर अवलंबून असते, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही, हे त्यातले एक आश्चर्य. विद्युतप्रभाराच्या नियमामुळे आपल्या ओळखीच्या झालेल्या शार्ल कूलोमने अठराव्या शतकाच्या अखेरीस याच विषयावर कसून प्रयोग केले. पण पृष्ठभाग प्रत्यक्षात किती खडबडीत असतो, हे आकड्यांत सांगता येत नव्हते. १९३३ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील अ‍ॅबट आणि फायरस्टोन यांनी पृष्ठभागावरून अणकुचीदार सुई फिरवून डोंगरदऱ्यांचा आलेख काढण्याची आणि त्यावरून झीज किती झाली की टेकणारे क्षेत्र किती वाढेल, हे मोजण्याची रीत मांडली.

त्यानंतर आमाँतोंचे कोडे सुटले. केंब्रिजचे फिलिप बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी १९३९ च्या सुमारास दोन पोलादी पृष्ठभागांमधून वीज सोडून रोध मोजला आणि त्यावरून खरा स्पर्श किती, याचा हिशेब केला. भार हलका असताना दिसणाऱ्या क्षेत्राच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी जागा खरोखर टेकलेली असते, असे आढळले. भार वाढवला की शिखरे चेपतात आणि ही जागा वाढते. दोन घन पदार्थ एकमेकांवर ठेवणे म्हणजे स्वित्झर्लंड उलटे करून ऑस्ट्रियावर ठेवण्यासारखे आहे, अशी उपमा बाउडनने दिली होती. आपण सह्याद्री उलटा करून सातपुड्यावर ठेवल्याची कल्पना करावी.

आता नवे इंजिन पाहू. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर आणि पन्नास वेळा खाली जातो. सगळा भार मोजक्या शिखरांवर. वेग आणि भार एकदम वाढवला तर ती शिखरे तापतात, तेलाचा पापुद्रा फाटतो, धातूला धातू चिकटतो आणि ओरखडे पडतात. सबुरीने घेतले तर शिखरे हळूहळू बोथट होतात, भार अधिक जागेवर वाटला जातो आणि निघालेली धातूची पूड तेलाबरोबर वाहून जाते. पहिले ऑइल लवकर बदलायची पद्धत पडली ती यामुळेच.

मात्र ‘जपून’ याचा अर्थ ‘नुसते रेंगाळत’ असा नाही. रिंगला सिलिंडरच्या भिंतीवर दाबते ती केवळ तिची स्प्रिंग नव्हे. जळालेला वायू रिंगच्या मागे शिरतो आणि तिला कितीतरी अधिक जोराने रेटतो. इंजिनावर भारच पडला नाही तर हा रेटा कमी राहतो, शिखरे नीट झिजत नाहीत आणि तेलाचा चकचकीत, कडक थर भिंतीवर बसतो. असे इंजिन पुढे ऑइल पिते आणि निळा धूर सोडते. म्हणून चांगल्या पुस्तिकेत लिहिलेले असते: वेग बदलता ठेवा, वरच्या गिअरमध्ये कण्हायला लावू नका, उभ्या गाडीचे इंजिन तासन्‌तास चालू ठेवू नका आणि पूर्ण थ्रॉटल देऊ नका.

आरशासारखी गुळगुळीत भिंत चांगली नाही, हे आपल्याकडे जाते वापरणाऱ्या बायका जाणत होत्या. जाते गुळगुळीत झाले की दळत नाही. मग त्याला टाकी लावून घेत. टाकी लावल्यावर पहिले थोडे धान्य दळून टाकून देत, कारण त्यात दगडाची कच येते. सिलिंडरलाही होनिंगने एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा मुद्दाम पाडतात. कारण तिथे वेगळे: त्या खाचांत तेल टिकून राहते. पण पहिली कच काढून टाकण्याची गरज दोन्हीकडे सारखीच.

एके काळी ही कच काढण्याचे बरेचसे काम गाडीच्या मालकाकडे असे. ब्रिटनमध्ये नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग-इन चालू, कृपया पुढे जा’ अशा अर्थाची पाटी लावत. पुढे कारखान्यांनी खडबडीत दगडानंतर बारीक दगड फिरवून फक्त शिखरे छाटायला आणि खाचा तशाच ठेवायला सुरुवात केली. मालकाचे काम कारखान्यात होऊ लागले. आजही अनेक पुस्तिका पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरना संयम सांगतात, पण पूर्वीइतकी कडक बंधने बहुधा घालत नाहीत. जुन्या इंजिनाचे काम काढून रीबोअर केले, तर मात्र हे सारे पुन्हा आलेच.

नियम टिकून राहतो आणि त्याचे कारण विसरले जाते, असे अनेकदा घडते. विजेच्या स्कूटरला ना सिलिंडर, ना पिस्टन रिंग. तिच्या मालकालाही शेजारी सवयीने सांगतील, ‘पहिले हजार किलोमीटर जपून!’ अशा वेळी आपल्या विद्यार्थ्याने एवढेच विचारावे, ‘इथे एकमेकांवर घासून जुळायचे आहेत ते दोन पृष्ठभाग कोणते?’ त्याला ब्रेकचे लायनर सापडतील, कदाचित गिअरचे दातही. पिस्टन रिंग सापडणार नाही. हा प्रश्न विचारता आला, तर सूचना पाठ करण्याची गरज राहणार नाही.