चित्र आले, आवाज कुठे गेला?

जुन्या वस्तूंचा इतिहास लिहिताना त्या कशा दिसत याची नोंद आपण ठेवतो. त्या कशा वाजत याची सहसा ठेवत नाही. मुलांच्या व्हिडीओ गेमला तर इतिहास असतो हेच अनेकांच्या गावी नसते. माळ्यावरून काढलेले असे यंत्र टीव्हीला जोडावे, पडद्यावर चित्र उमटावे आणि आवाज मात्र येऊ नये, असा प्रकार नेहमी घडतो. 'आयसी गेली' असे म्हणून दुरुस्तीवाला मोकळा होतो. पण प्रत्येक मुक्या यंत्राचे कारण एकच नसते आणि ते शोधायचे तर थोडे मागे जावे लागते.

1972 साली अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे 'ओडिसी' बाजारात आले. घरच्या टीव्हीवर खेळण्याचे हे पहिले यंत्र राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून उतरले. त्याला आवाजच नव्हता! आज कोणी ओडिसीचा हरवलेला आवाज शोधू लागला तर त्याचे श्रम वाया जातील. त्याच वर्षी अटारी कंपनीचा 'पाँग' आला. त्यात चेंडू फळीवर आदळला की 'टक्' असे वाजे. हा आवाज अभियंते अल अल्कॉर्न यांनी चित्र जुळवणाऱ्या मंडलात आधीच असलेल्या स्पंदनांतून काढला होता.

पुढे घरगुती यंत्रांना आवाज मिळाला, पण तो पोहोचवायचा टीव्हीमार्फत. त्या काळच्या टीव्हीत चित्र आणि ध्वनी एका वाटेने येत, तरी एका लहरीवर येत नसत. चित्राची लहर वेगळी आणि तिच्यापासून ठरावीक अंतरावर ध्वनीची लहर वेगळी. हे अंतर किती असावे यावर जगाचे एकमत कधीच झाले नाही. अमेरिका आणि जपानने ते 4.5 मेगाहर्ट्झ ठेवले, पश्चिम युरोपातील बऱ्याच देशांनी 5.5, ब्रिटनने 6. भारताने 5.5 स्वीकारले. 1982 साली आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण 'पाल' पद्धतीने सुरू झाले, तेव्हाही हे अंतर तेच राहिले.

आता गंमत पाहा. ब्रिटन आणि हाँगकाँग येथेही 'पाल'च होते, रेषाही आपल्यासारख्या 625च. त्यामुळे तिथले यंत्र आपल्या जुन्या ट्यूबच्या संचाला अँटेनाच्या वायरने जोडून चॅनल जुळवले की चित्र छान येई. ध्वनी मात्र 6 मेगाहर्ट्झवर बोलत असे आणि आपला संच 5.5वर कान लावून बसलेला! ऐकू येई ती नुसती खरखर, नाहीतर तीही नाही. उलट आखाती देशांत ध्वनीचे अंतर आपल्याइतकेच होते. म्हणून तिथल्या पद्धतीसाठी बनवलेले यंत्र गोव्याच्या घरात आणले तरी बोलत असे. एक यंत्र बोलके आणि एक मुके, पण बिघडलेले त्यांपैकी एकही नाही. अशा वेळी यंत्रातील पत्र्याच्या डबीत असलेली ध्वनीची कॉइल जाणकाराकडून जुळवून घ्यावी, किंवा यंत्राला ऑडिओ-व्हिडीओची वेगळी भोके असतील तर ती वापरावीत.

जपानी 'फॅमिकॉम'ची कथा याहून बोधप्रद आहे. निन्टेंडोने ते 15 जुलै 1983 रोजी बाजारात आणले. त्याच्या कॅसेटला 60 टोके होती. यंत्रात तयार झालेला ध्वनी सरळ टीव्हीकडे जात नसे. तो 45व्या टोकातून कॅसेटमध्ये शिरे आणि 46व्या टोकातून परत येई. साध्या कॅसेटमध्ये ही दोन टोके नुसती जोडलेली असत. तेवढ्याच टोकांवर मळ बसला तर खेळ व्यवस्थित चाले आणि आवाज तेवढा नाहीसा होई. आपल्याकडे 1990 च्या दशकात विकल्या गेलेल्या अनेक स्वस्त यंत्रांची खाच याच 60 टोकांच्या धर्तीची होती. तेव्हा मुले कॅसेटमध्ये फुंकर मारत. फुंकरीतील ओलाव्याने टोके उलट गंजतात. यंत्र बंद करून स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस फिरवावा आणि टोके पूर्ण वाळू द्यावीत, हे बरे.

पण ध्वनीला हा वळसा का घातला होता? कॅसेटला आपला सूर त्यात मिसळता यावा म्हणून. फॅमिकॉमचे स्वतःचे ध्वनिमार्ग पाच. 1989 साली कोनामी कंपनीने 'अकुमाजो देन्सेत्सु' या खेळाच्या कॅसेटमध्ये खास चिप घालून आणखी तीन जोडले. हाच खेळ 1990 साली 'कॅसलव्हेनिया 3' या नावाने अमेरिकेत गेला. अमेरिकेसाठी 1985 साली काढलेल्या यंत्राच्या कॅसेटला 72 टोके होती, तरी ध्वनीची ती वाट कॅसेटमधून काढून यंत्राच्या तळाशी, झाकणाखाली ठेवली होती. म्हणून संगीत पाच मार्गांत बसवून घ्यावे लागले. अमेरिकन मुलांना काही कमी असल्याचे जाणवले नाही. जे कधी ऐकलेच नाही त्याची उणीव भासणार कशी?

तिसरे मुकेपण वार्धक्याचे. 1990 साली आलेल्या सेगाच्या 'गेम गिअर' या हातातल्या यंत्रात ध्वनीसाठी वेगळी छोटी पट्टी आहे. तिच्यावरील कपॅसिटरमधील द्रव वर्षानुवर्षे झिरपतो. आवाज आधी बारीक होतो, कधी फक्त हेडफोनमध्ये उरतो, शेवटी जातो. इथे साफसफाई पुरत नाही, कपॅसिटरच बदलावे लागतात.

तेव्हा घरातील जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी क्रमाने पाहावे. याला मुळात आवाज होता का? ते कोणत्या देशासाठी बनले होते? सांधे स्वच्छ आहेत का? मग कपॅसिटर, आणि आयसीवर संशय सर्वांत शेवटी. दोन भाषांच्या वेशीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यातले एक सूत्र ओळखीचे वाटेल. वेस ओलांडताना चित्र तग धरते, अडखळतो तो आवाज. आणि तो हरवला हे कळायला घरात कोणीतरी तो एकदा ऐकलेला असावा लागतो. ज्यांनी ऐकला आहे त्यांनी पुढच्यांना ऐकवावा.