मोजून वाढलेलं ताट

पर्युषण जवळ आलं की आमच्या परसवाड्यातही बायकांच्या बोलण्यात दोन विषय हमखास निघतात. यंदा अठ्ठाई कोण करणार, हा एक. दुसरा अलीकडचा: कोणाच्या सुनेने किटो करून किती किलो वजन उतरवलं. दोन्ही गोष्टी एकाच ओट्यावर बोलल्या जातात, म्हणून पुष्कळजणींना त्या एकच वाटायला लागल्या आहेत. "आपलं तप तेच त्यांचं किटो," असंही कोणी म्हणून जातं.

या किटोचा मूळचा इतिहास आपण बायकांनी माहीत करून घ्यावा असं मला वाटतं. तो वजनाचा इतिहास नाहीच. तो मिरगी येणाऱ्या लेकरांचा आहे, आणि त्यांचं ताट मोजून वाढणाऱ्या हातांचा.

आधी शरीराचं काम समजून घेऊ. आपण खातो त्या भात-पोळीची शरीरात साखर होते. त्यातली थोडी यकृतात साठते. मोठ्या माणसाच्या यकृतात साधारण १०० ग्रॅम. एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम साखर लागते. म्हणजे जेवण थांबलं की एक-दीड दिवसात हे कोठार रिकामं होतं. मग शरीर अंगावरची चरबी काढतं आणि यकृत तिच्यापासून कीटोन नावाचे पदार्थ तयार करतं. तिसऱ्या-चौथ्या उपवासाला तपस्विनीच्या श्वासाला जो वेगळाच, पिकल्या फळासारखा वास येतो, तो यातल्याच एका पदार्थाचा.

मेंदू हे कीटोन जाळून चालू शकतो, हे नीट सिद्ध व्हायला १९६७ साल उजाडलं. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या जॉर्ज केहिल आणि ऑलिव्हर ओवेन यांच्या पथकाने पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या तीन लठ्ठ रुग्णांच्या मेंदूत जाणारं आणि मेंदूतून परत येणारं रक्त तपासलं. मेंदूचं बरंचसं इंधन साखरेऐवजी कीटोनमधून येत होतं. आपल्याकडे मासखमण करणारी माणसं शुद्धीवर राहतात, बोलतात, सामायिक करतात, हे आपण पाहत आलो आहोत. त्यामागे शरीरात काय चालतं, ते या पथकाने मोजून दाखवलं.

पण उपचाराची गोष्ट त्याच्याही आधीची. उपवासात मिरगीचे झटके थांबतात हे फार जुनं निरीक्षण. १९११ मध्ये पॅरिसच्या गेल्पा आणि मारी या डॉक्टरांनी ते रुग्णांवर तपासलं. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. गेलिन यांनीही तेच मांडलं. अडचण उघड होती. लेकराला किती दिवस उपाशी ठेवणार? खायला दिलं की झटके परत.

त्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांना एक वाट सुचली. उपाशी न ठेवता शरीराला उपवासासारखं वागायला लावायचं. पिठूळ आणि गोड जवळजवळ बंद, आणि पोट भरायचं ते तूप-लोणी-सायीने. या आहाराला त्यांनी 'केटोजेनिक' म्हणजे कीटोन तयार करणारा असं नाव दिलं. त्यांचेच सहकारी डॉ. पीटरमन यांनी १९२५ च्या सुमारास त्याचं माप बसवलं: मुलाच्या वजनाच्या दर किलोला १ ग्रॅम प्रथिनं, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदकं, बाकी सगळं स्निग्ध.

हे माप स्वयंपाकघरात आणून पाहा. १५ किलोच्या लेकराला दिवसाला हजार कॅलरी द्यायच्या म्हटलं, तर १५ ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम कर्बोदकं आणि १०० ग्रॅम तूप-तेल. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात २८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. म्हणजे दोन-तीन घास भात दिला की दिवसाचा वाटा संपला. आणि आपण राहतो कुठे, तर बालाघाट जिल्ह्यात, जिथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं! भात नको तर कोदो-कुटकी देऊ म्हणाल, तर तीही पिठूळच. बटाटा-रताळं आपल्याकडे तसंही वर्ज्य असतं, तेवढं सोपं. पण आपली प्रथिनं येतात ती डाळीतून, आणि डाळीतही कर्बोदकं भरपूर. मग उरतं पनीर, साय, तूप, खोबरं, तीळ, शेंगदाणे, पालक, दोडका, काकडी. तेही सगळं तोलून. औषधाच्या गोड सिरपमधली साखर हिशेबात धरायची. प्रभावनेतला लाडू लेकराच्या हातात पडू द्यायचा नाही. भावंडं शेजारी बसून वरणभात खात असताना या एकाला तुपात बुडवलेलं पनीर भरवायचं, रोज, दोन-दोन वर्षं. हे काम प्रयोगशाळेत होत नाही. ते चुलीपाशी होतं.

१९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध आलं. गोळी गिळणं सोपं, तोलणं अवघड. आहार मागे पडला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयासारख्या थोड्या ठिकाणीच तो टिकला. तिथे मिलिसेंट केली या आहारतज्ज्ञ बाईंनी कित्येक दशकं एकेका मुलासाठी हिशेब मांडून तो चालू ठेवला. १९९३ मध्ये चित्रपट दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या चार्ली या छोट्या मुलाला औषधांनी आणि शस्त्रक्रियेनेही गुण येईना. बापाने स्वतः ग्रंथालयात बसून वाचताना या आहाराची माहिती शोधली आणि मुलाला हॉपकिन्सला नेलं. काही दिवसांतच चार्लीचे झटके थांबले. यावरून प्रेरणा घेऊन अब्राहम्सने १९९७ मध्ये चित्रपट काढला, त्यात मेरिल स्ट्रीपने आईचं काम केलं. विसरलेला आहार पुन्हा घराघरांत पोचला.

पण एका मुलाला गुण आला म्हणून उपचार सिद्ध होत नाही. ते काम २००८ मध्ये लंडनच्या एका विद्यापीठ पथकाने केलं. डॉ. हेलन क्रॉस आणि आहारतज्ज्ञ एलिझाबेथ नील यांनी औषधांना न जुमानणारी मिरगी असलेली १४५ मुलं घेऊन त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला लगेच आहार सुरू केला, दुसऱ्याला तीन महिने थांबायला सांगितलं. आहार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले; थांबलेल्यांत असं ६ टक्केच मुलांचं झालं. बाकीच्यांना तेवढा गुण आला नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

आपल्या देशातही काम झालं. मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी भारतीय मुलांवरचा आपला अनुभव २००९ मध्ये प्रसिद्ध केला. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. शेफाली गुलाटी, डॉ. सुवासिनी शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थोडा सैल केलेला आहार १०२ मुलांवर तपासला. २०१३ मध्ये निष्कर्ष आले: आहार घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी, नेहमीचं जेवणाऱ्यांत साडेअकरा टक्के. पुढे २०१६ मध्ये डॉ. शर्मा यांच्या पथकाने दिल्लीतच फारसं शिक्षण नसलेल्या आईबापांसाठी हा आहार आणखी सोपा करून तपासला, आणि त्यांच्याही मुलांना गुण आला.

मला या सगळ्या इतिहासात हे शेवटचं पाऊल सर्वांत मोलाचं वाटतं. ग्रॅमचा काटा आणि छापील तक्ते हातात असलेल्या आईसाठी सुरू झालेला उपचार, वाचता न येणाऱ्या आईपर्यंत यायला शंभर वर्षं लागली. आमच्या तहसिलीतल्या गोंड-बैगा वस्तीतली आई अशीच आहे, आणि आपल्या घरी कामाला येणारी बाईही.

पण उपचार पोचायच्या आधी आजार सांगावा लागतो. आपल्याकडे अजून झटका आला की चप्पल हुंगवतात, आणि मुलगी असेल तर दार लावून घेतात. सोयरीक मोडेल ही भीती. आपल्या जैनांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने मिरगी ही विवाहाला आड येणारी गोष्ट ठरवली होती. १९९९ मध्ये तो शब्द काढून टाकला. कायद्याच्या पुस्तकातून गेला, पण पत्रिका जुळवणाऱ्यांच्या तोंडून गेला नाही.

आता ओट्यावरच्या किटोकडे येऊ. वजनासाठी लोक तो करतात, सुरुवातीला काटा उतरतोही. त्यात पाणी बरंच असतं. पण ज्या आहारात मुलांना मुतखडा, बद्धकोष्ठ, वाढ खुंटणं याची भीती असते म्हणून डॉक्टर वरचेवर रक्त-लघवी तपासतात, तो मोबाइलवर पाहून घरच्या घरी करण्याची गोष्ट नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांच्या तर तो जिवावर बेतू शकतो. चरबी पचवण्यात जन्मजात दोष असलेल्या बाळालाही तसाच.

आणि तप? तप आपण समजून-उमजून, स्वतःच्या निर्जरेसाठी घेतो, ठरलेल्या दिवशी पारणं करतो. त्याला किटोचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि किटोलाही धर्माचा टिळा लावू नये. मिरगीच्या लेकराने कसलाच नियम घेतलेला नसतो. त्याचा संयम त्याची आई सांभाळते.

दहांतल्या सातजणांची मिरगी साध्या, नियमित औषधांनी आटोक्यात राहू शकते. म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे पहिलं. दोन औषधं नीट देऊनही झटके थांबत नसतील, तर बालाघाट, गोंदिया, नागपूर, जबलपूर, जिथे जाल तिथल्या डॉक्टरला सरळ विचारावं: "या लेकराला आहाराचा उपचार लागू पडेल का?" एवढा प्रश्न विचारण्यापुरता हा इतिहास प्रत्येक घरात माहीत असायला हवा.