वावडं आणि रक्तातला आकडा : अ‍ॅलर्जीच्या रक्तचाचण्यांचा इतिहास

आज आपण एका छोट्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. अमुक माणसाला अमुक पदार्थ सोसत नाही, हे त्याच्या रक्तावरून सांगता येतं का?

मराठीत यासाठी जुना शब्द आहे, वावडं. 'तिला मासळीचं वावडं आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा तो अनुभव असतो. खाल्लं आणि अंगावर गांधी उठल्या. अ‍ॅलर्जी हा शब्द मात्र अलीकडचा. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ साली ग्रीक शब्दांवरून घडवला. त्यांच्या मनात होती शरीराची बदललेली प्रतिक्रिया. ही प्रतिक्रिया नेमकी कुठून येते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

उत्तराचा पहिला धागा १९२१ साली मिळाला, ब्रेस्लाऊ इथे. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. हाइन्झ क्युस्टनर यांना मासळी चालत नसे, त्यांचे सहकारी ओट्टो प्राउसनिट्झ यांना चालत असे. प्राउसनिट्झ यांनी क्युस्टनरांच्या रक्तातला सीरम स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. तिथे गांध उठली. म्हणजे वावडं एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या कातडीत नेता येतं! रक्तात काहीतरी आहे, एवढं सिद्ध झालं. त्या 'काहीतरी'ला रिएजिन म्हणू लागले. पुढे कित्येक वर्षं हीच चाचणी वापरात होती. दुसऱ्याचं रक्त टोचण्यात काविळीसारख्या रोगांचा धोका होता, म्हणून ती मागे पडली.

रिएजिन हाती यायला पंचेचाळीस वर्षं लागली. कारण रक्तात ते अत्यल्प असतं. नेहमीच्या आयजीजी अँटिबॉडीच्या तुलनेत हजारो पटींनी कमी. १९६६ साली अमेरिकेत डेन्व्हर इथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्यानं ते वेगळं ओळखलं. त्याच सुमारास स्वीडनमध्ये उप्साला इथे योहान्सन आणि बेनिच यांना मायलोमाच्या एका रुग्णाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन भरपूर प्रमाणात सापडलं. दोन्ही गोष्टी एकच निघाल्या आणि १९६८ साली तिचं नाव ठरलं, आयजीई.

आता चाचणी शक्य झाली. १९६७ सालीच उप्सालाच्या याच मंडळींनी, लाइफ विडे यांच्यासह, रास्ट ही पद्धत मांडली. कल्पना सोपी आहे. शेंगदाण्याची प्रथिनं एका घन आधाराला चिकटवायची. त्यावर रुग्णाचा सीरम घालायचा. शेंगदाणा ओळखणारी आयजीई तिथे अडकते, बाकीचं धुऊन टाकायचं. मग आयजीईला पकडणारी, किरणोत्सर्गी आयोडीन लावलेली दुसरी अँटिबॉडी घालायची आणि किरणोत्सर्ग मोजायचा. १९८९ साली आलेल्या कॅप पद्धतीत सेल्युलोजच्या सच्छिद्र आधारावर पुष्कळ जास्त प्रथिन बसू लागलं. पुढे किरणोत्सर्गाची जागा चमकणाऱ्या रसायनानं घेतली.

इथून तुलनेचा प्रश्न सुरू होतो. काही पद्धतींत प्रथिन घन आधारावर असतं, काहींत द्रवात. प्रत्येकाचा अर्क वेगळा. त्यामुळे एकच रक्त दोन पद्धतींनी तपासलं तर दोन वेगळे आकडे येऊ शकतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. २००१ साली न्यूयॉर्कच्या ह्यू सॅम्पसन यांनी काही सीमा दिल्या: अंड्यासाठी ७, दुधासाठी १५, शेंगदाण्यासाठी १४ युनिट. याच्या वर आकडा गेला तर प्रत्यक्ष खाल्ल्यावर त्रास होण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के. पण हे आकडे कॅप पद्धतीचे, आणि तज्ज्ञांकडे आलेल्या मुलांचे. दुसऱ्या पद्धतीच्या रिपोर्टला किंवा सरसकट सगळ्या मुलांना ते लावता येत नाहीत.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे नैयायिकांचं उदाहरण आठवेल. धूर दिसला तर अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चूक. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. आयजीई हा अग्नी समजू, अंगावर उठणारी गांध हा धूर. रक्तात आयजीई आहे, पण माणूस ते शेंगदाणे खुशाल खातो, असं पुष्कळदा घडतं. वैद्यकात याला संवेदनशीलता म्हणतात, अ‍ॅलर्जी नव्हे.

यातलं 'ओलं सरपण' शोधायचा प्रयत्न अलीकडच्या घटक-चाचण्यांत दिसतो. अख्ख्या शेंगदाण्याऐवजी त्यातलं एकेक प्रथिन तपासतात. 'आरा एच २' या प्रथिनाविरुद्ध आयजीई असेल तर खऱ्या त्रासाची शक्यता जास्त. 'आरा एच ८' हे मात्र बर्च झाडाच्या परागातल्या प्रथिनासारखं असतं. केवळ त्याच्याविरुद्ध आयजीई असेल तर बहुधा तोंडाला खाज, एवढंच. शेवटचा निवाडा तरीही डॉक्टरांच्या देखरेखीत पदार्थ खाऊन पाहण्याचाच.

आणि आयजीजी मोजणाऱ्या चाचण्या? शंभरेक पदार्थांची यादी देणाऱ्या? युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ सालीच स्पष्ट सांगितलं, की अन्नाविरुद्धची आयजीजी-४ ही आपण ते अन्न खाल्ल्याची खूण आहे, वावड्याची नव्हे. म्हणजे रोज पोळी खाणाऱ्याच्या रक्तात गव्हाची आयजीजी सापडणारच!

हा नुसता तर्काचा खेळ नाही. अशा यादीवरून लहान मुलाचं दूध, अंडं, गहू एकदम बंद होतं. वाढीच्या वयात ताट रिकामं होतं. उलट, ज्याला खरंच जीवघेणा त्रास होऊ शकतो, त्याचा आकडा लहान दिसला म्हणून निर्धास्त राहणंही तितकंच धोक्याचं.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की आधी तीन प्रश्न विचारू या. काय मोजलं? कोणत्या पद्धतीनं? आणि तो पदार्थ खाल्ल्यावर प्रत्यक्षात काय झालं होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेकडे नसतं. ते आपल्याकडेच असतं, आणि डॉक्टरांना ते सांगणं आपलं काम आहे.