फेकलेल्या टाकीची मोटार

वेगाच्या इतिहासात बहुधा धनवंतांचीच नावे येतात. 1935 मध्ये सर माल्कम कॅम्बेल यांनी विमानाचे इंजिन बसविलेल्या मोटारीतून ताशी 300 मैलांची मर्यादा ओलांडली. त्याच सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातील आटलेल्या सरोवरांच्या तळांवर सामान्य स्थितीतले तरुण जुन्या फोर्ड गाड्या पळवीत होते. गाडीचे मडगार्ड उतरवायचे, ओझे घटवायचे आणि फोर्डचे 1932 चे आठ सिलिंडरांचे इंजिन सुधारून बसवायचे, ही त्यांची रीत. अशा गाड्यांना पुढे ‘हॉट रॉड’ हे नाव पडले.

परंतु वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि शक्ती आठपट लागते. नुसत्या इंजिनाने भागेना. आकारच बदलणे प्राप्त होते. तो आकार महायुद्धाने पुरविला. 1946 मध्ये बिल बर्क यांनी लढाऊ विमानाची 165 गॅलनची जादा इंधनटाकी घेऊन तिचीच मोटार केली. थेंबासारखी ती टाकी हवा सहज कापी. पुढे त्यांनी अधिक मोठी टाकी घेतली आणि चालक पुढे, इंजिन मागे, अशी मांडणी केली.

12 नोव्हेंबर 1965 रोजी समर्स बंधूंच्या ‘गोल्डनरॉड’ने बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी 409.277 मैलांचा विक्रम केला. तिची चार इंजिने एकामागे एक ठेवली होती, ती हवेपुढचा आडवा छेद लहान राहावा म्हणूनच.

इंधन संपताच आकाशातून टाकून द्यावी, यासाठीच ती टाकी घडलेली होती. तिच्यात मोटार पाहणाऱ्या डोळ्यांना मात्र धनाची गरज पडली नाही.