लपायचं तर गर्दी हवी

टॉरचं नाव निघालं की अनेकांना आधी गुन्हेगार आठवतात. तो गैरवापर खरा आहे. पण टॉरमागची कल्पना अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मला या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

१९९० च्या दशकाच्या मध्यात पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांच्यापुढे एक प्रश्न होता. मजकूर कूटबद्ध करता येतो, पण कोण कोणाशी बोलतंय हे कसं लपवायचं? पाकीट घट्ट चिकटवलं, तरी वरचा पत्ता पोस्टमन वाचतोच. डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये यावर वाट दाखवली होती. या तिघांनी निरोपाला कांद्यासारखे पापुद्रे चढवले. वाटेतला प्रत्येक सर्व्हर एकच पापुद्रा सोलतो आणि त्याला फक्त मागचा व पुढचा मुक्काम कळतो.

पण या जाळ्यात एकटं नौदलच असतं, तर बाहेर पडणारा प्रत्येक निरोप नौदलाचाच ठरला असता. म्हणून सामान्य माणसांना आत घेणं भाग होतं. रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांच्या साथीने २००२ मध्ये टॉर सुरू झालं. २००६ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था उभी राहिली.

हा आडोसा फक्त ब्राउझरलाच लागतो असं नाही. वेब अ‍ॅप्लिकेशनही दुवे तपासायला, माहिती आणायला स्वतः बाहेर जातं आणि समोरच्या नोंदवहीत आपल्या सर्व्हरचा पत्ता सोडून येतं. एखादं वृत्तपत्र ज्या साइटची चौकशी करतंय, तिला त्यावरूनच सुगावा लागू शकतो. म्हणून अशा विनंत्या टॉरच्या सॉक्स प्रॉक्सीतून, बहुधा ९०५० क्रमांकाच्या पोर्टवरून, पाठवतात. मात्र साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याचं कामही प्रॉक्सीकडेच द्यावं लागतं. नाहीतर आपण कुठे निघालोय हे डीएनएसला आधीच कळतं. शिवाय टॉर बंद पडलं, तर अ‍ॅप्लिकेशनने थेट बाहेर न जाता थांबायला हवं.

एवढं करूनही एक दार उघडं राहतं. २००७ मध्ये स्वीडनच्या डॅन एगरस्टाड यांनी टॉरचे शेवटच्या टप्प्याचे सर्व्हर चालवून दूतावासांच्या आणि सरकारी ईमेल खात्यांचे शंभर पासवर्ड मिळवले. त्यांना टॉर फोडावं लागलं नाही. शेवटच्या सर्व्हरपासून पुढे तो मजकूर उघडाच जात होता. टॉर पाठवणारा लपवतं. शेवटच्या टप्प्यापुढे मजकूर झाकायचा, तर एचटीटीपीएससारखं वेगळं कूटबंधन लागतं.

‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली?’ असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: ज्यांना लपवण्यासारखं काही नाही, त्यांच्या गर्दीतच पत्रकार आणि त्याला माहिती देणारा सुरक्षित राहतो. नौदलालाही त्याच गर्दीची गरज पडली होती.