‘जर्मन रायफल’ नावाची एक तुर्की बंदूक

भोपाळमधल्या एका जुन्या घराण्याच्या संग्रहात लांब नळीची एक रायफल आहे. लाकडी कुंद्यावर पितळेची छोटी पाटी आणि तीवर इंग्रजीत एवढाच मजकूर: जर्मन रायफल, महायुद्ध. घरात चालत आलेली गोष्ट अशी की सीहोरच्या पलटणीतल्या कुणीतरी ती फ्रान्सच्या खंदकातून आणली. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या बैठकीत मी या रायफलीवर बोललो होतो. तेव्हा तिचं साल मी छातीठोकपणे १९०१ असं सांगितलं होतं. ते चुकलं. ती दुरुस्ती करायला बसलो आणि सालाबरोबर पाटीचंच काय ते बघायची वेळ आली, म्हणून हे टिपण जरा लांबलं आहे.

आधी घरच्या गोष्टीबद्दल. ती काही हवेतली नाही. १८५९ मध्ये सीहोरला ‘भोपाळ लेव्ही’ उभी राहिली, तिचीच पुढे भोपाळ बटालियन झाली आणि १९०३ मध्ये ९ वी भोपाळ इन्फंट्री. ही फौज इंग्रज सरकारची, बेगमसाहेबांची स्वतःची नव्हे. ही गल्लत आपल्याकडे फार होते. १९१४ साली ही पलटण लाहोर डिव्हिजनच्या फिरोजपूर ब्रिगेडमधून फ्रान्सला गेली आणि ऑक्टोबरअखेर न्यूव शापेल गावापाशी जर्मनांसमोर उभी राहिली. २८ ऑक्टोबरला ४७ वी शीख पलटण आणि सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या त्या गावात घुसल्या आणि प्रचंड नुकसान सोसून मागे फिरल्या. त्या सॅपर कंपन्या आपल्या खडकीच्या. भोपाळवालेही त्याच आघाडीवर होते. त्यामुळे फ्रान्समधून आणलेली जर्मन रायफल भोपाळात असणं अगदी शक्य आहे.

फक्त ती रायफल ‘गेवेर ९८’ असायला हवी. जर्मन सैन्यानं ५ एप्रिल १८९८ ला स्वीकारलेली ही माउझर बंधूंच्या कारखान्याची रचना: पाच काडतुसं, ७.९२ मिलिमीटर, नळी ७४० मिलिमीटर. नळी ज्या पोलादी भागात आट्यांनी बसते त्याला रिसिव्हर म्हणतात. गेवेर ९८ वर या रिसिव्हरच्या माथ्यावर कारखान्याचं नाव आणि साल असतं, ‘आम्बेर्ग’, ‘श्पांडाऊ’, ‘एरफुर्ट’, ‘डान्झिग’ असं. डाव्या कडेला जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरात मॉडेलचं नाव. उजव्या बाजूला तपासनिसांचे ठसे, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटा मुकुट. मागची माशी घसरगुंडीसारखी वक्र, आणि तिचा सगळ्यात खालचा टप्पा ४०० मीटरचा. एवढं पाठ असलं की रायफल हातात घेतल्यावर दोन मिनिटांत निकाल लागतो.

इथं यातलं काहीच नव्हतं. माथ्यावर होती एक वेलबुट्टीदार, अर्धवट घासली गेलेली आकृती. खाली चार आकडे. डाव्या कडेला अरबी वळणाच्या लिपीत एक ओळ.

आमच्या शेजारी उर्दूचे निवृत्त मास्तर राहतात, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. फोटो बघून ते लगेच म्हणाले, “तेरह सौ उन्नीस.” भोपाळात मशिदी, मकबरे, बावड्या यांच्यावर हिजरी साल वाचायची आपल्याला सवयच आहे. त्यातून १३१९ हिजरी म्हणजे तर भोपाळच्या इतिहासातलं ठळक वर्ष. शाहजहाँ बेगम वारल्या आणि सुलतानजहाँ बेगम गादीवर आल्या ते. हिजरी १३१९ म्हणजे १९०१-०२. मी आनंदात १९०१ लिहून टाकलं.

पण ओळ वाचता वाचता त्यात ‘माउझर’ आणि ‘ओबर्नडॉर्फ’ हे शब्द सापडले आणि माथ्यावरची आकृती म्हणजे उस्मानी सुलतानाचा तुघरा, म्हणजे सहीची मोहोर, हे कळलं. मग रचना नीट पाहिली. ही माउझरनं तुर्कस्तानसाठी बनवलेली १९०३ ची रायफल. आता १९०३ च्या मॉडेलवर १९०१ साल कसं येईल? मशीन शॉपमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हे आधीच खटकायला हवं होतं. ड्रॉइंग मंजूर व्हायच्या आधी जॉब तयार होत नाही.

उत्तर साधं आहे, पण आपल्या भोपाळी सवयीमुळे हमखास चुकणारं. उस्मानी सरकारच्या दफ्तरी कामात रूमी साल चालायचं. त्याचा आरंभ हिजरीवरून धरलेला, पण वर्ष सूर्याचं, मार्चमध्ये सुरू होणारं. त्या काळच्या रूमी सालात ५८४ मिळवले की इसवी सन येतो. १३१९ अधिक ५८४, झाले १९०३. मॉडेल आणि साल एकमेकांना चपखल बसले. आपल्या भागात तुर्की हत्यार, बिल्ला किंवा कागद कुणाला सापडला तर हे ५८४ लक्षात ठेवा. चांद्र हिजरीनं वाचलं तर या काळात दोनेक वर्षांचा फरक पडतो, आणि फरक लहान असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

म्हणजे पाटी पूर्ण खोटी नाही. बंदूक जर्मनीत घडली हे खरंच. १८८७ मध्ये उस्मानी सरकारनं माउझरकडे पाच लाख रायफली आणि पन्नास हजार कार्बाइन्सचा सौदा केला; पहिल्या ९.५ मिलिमीटरच्या, काळ्या दारूच्या. मग १८९०, १८९३ आणि १९०३ च्या रचना आल्या, त्या ७.६५ मिलिमीटरच्या. ओबर्नडॉर्फ हे नेकार नदीकाठचं लहानसं गाव, पण तुर्की मागणीवर त्याची भरभराट झाली.

खात्रीसाठी नळी मोजली. तोंडाशी आत पाहिलं तर चार खाचा, उजवीकडे पीळ घेणाऱ्या. इंग्रजी ली-एनफिल्डच्या त्या वेळच्या नळीत पाच खाचा असतात आणि पीळ डावीकडे, त्यामुळे नळी बदलून इंग्रजी घातलेली नाही हे तिथंच ठरलं. मग स्मॉल होल गेज आणि मायक्रोमीटर. खाचांमधल्या उंचवट्यांवरचा व्यास हाच कॅलिबरचा आकडा. चार खाचा समोरासमोर येतात म्हणून माप घेणं सोपं. पाच असत्या तर जीव मेटाकुटीला आला असता. तोंडाशी झीज धरूनही माप ७.६५ च्याच जवळ आलं, ७.९२ च्या नाही. फरक पाव मिलिमीटरचा, पण त्यातून एक मोठी गोष्ट कळते. तुर्की प्रजासत्ताकानं पुढे आपल्याकडच्या जुन्या माउझर ७.९२ ला बदलून घेतल्या आणि त्यांवर अंकाऱ्याचे नवे ठसे मारले. ही बदललेली नाही. सुलतानाचा तुघरा आणि मूळची नळी अंगावर घेऊन ती त्याआधीच तुर्कांच्या हातून निसटली होती.

निसटली कशी? इथं एक मोहक तर्क समोर येतो, आणि तो मला दोघांनी ऐकवलाही. सुलतानजहाँ बेगम १९११ मध्ये युरोपात गेल्या, पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला हजर राहिल्या, इस्तंबूलला सुलतानालाही भेटल्या. मग ही सुलतानाची भेट का नसावी? नसावी, कारण भेट मखमलीच्या पेटीत येते. ही सैनिकाला वाटलेली, खांद्यावर वागवलेली बंदूक आहे. पट्ट्याच्या कड्याखाली लाकूड झिजलं आहे, कुंद्याच्या टाचेला ठोकर आहे. शिवाय १३१९ चा तुघरा अब्दुल हमीद दुसऱ्याचा, आणि १९०९ मध्ये त्याला पदच्युत केलं होतं. नवा सुलतान पाहुणीला पदच्युत भावाच्या मोहोरेची वापरलेली रायफल देईल, हे पटत नाही.

त्यापेक्षा मेसोपोटेमिया पाहावा. तुर्की सैन्याच्या हातात तिथं याच माउझर होत्या. ६ वी पूना डिव्हिजन कूतला अडकली. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथं शरणागती झाली. वेढा फोडायला बाहेरून जी फौज धडका देत होती तिच्यात फ्रान्सहून आलेली आपली ९ वी भोपाळ इन्फंट्री होती. म्हणजे एकाच पलटणीनं दीड वर्षात दोन्ही माउझर समोरून पाहिल्या, आधी जर्मनांच्या हातातली आणि मग तुर्कांच्या. घरच्या गोष्टीतली पलटण बरोबर असेल, तर आघाडी चुकली आहे.

आणि आघाडी चुकली कशी, याबद्दल माझा एक अंदाज आहे. तो अंदाज म्हणूनच घ्यावा. युद्ध संपल्यावर खिलाफतीचं आंदोलन देशभर पेटलं. तुर्की सुलतान हा खलिफा. भोपाळ हे मुस्लिम राज्यकर्त्यांचं संस्थान, बेगमसाहेब इंग्रजांच्या पक्षाच्या, आणि पलटणीतल्या मुसलमान शिपायांनी खलिफाच्या फौजेवर गोळ्या झाडलेल्या. अशा वर्षांत दिवाणखान्यात ‘तुर्की रायफल’ असं लिहून कोण टांगेल? ‘जर्मन’ लिहिणं सगळ्यांना सोयीचं होतं, आणि ते निर्लज्ज खोटंही नव्हतं. मला तरी ही पाटी अज्ञानाची वाटत नाही.

जाता जाता ग्वाल्हेरच्या सभासदांसाठी. शिंदे सरकारची ३ री ग्वाल्हेर इन्फंट्री (तिचं अर्धं दळ) नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या टांगाच्या फसलेल्या मोहिमेत होती. तिथल्या जर्मनांच्या बऱ्याच आस्कारी कंपन्यांकडे त्या वेळी १८७१ ची माउझर होती: एकेरी, ११ मिलिमीटर, काळ्या दारूची, झाडली की धुराचा लोट उठून जागा दाखवणारी. तेव्हा ग्वाल्हेरकडच्या जुन्या घरात जाडजूड काडतुसाची, मॅगझीन नसलेली बोल्टची बंदूक दिसली तर तिला शिकारीची म्हणून सोडू नका. डाव्या कडेला मॉडेल ७१ चा ठसा बघा. १८८८ ची रायफल आणखी फसवी. ती खरी जर्मन सैन्याची, पण महायुद्धात जर्मनीनं तुर्कांना दिली, म्हणून एकाच रिसिव्हरवर मुकुट आणि चंद्रकोर दोन्ही सापडू शकतात. अशा वेळी दोन्ही खुणांचे फोटो घ्या.

आणि कृपा करून एमरी पेपर लावू नका. या रायफलीचा तुघरा अर्धा गेला तो युद्धात नाही, दरवर्षी दसऱ्याच्या आधी होणाऱ्या सफाईत. हलकं तेल, सुती फडकं, बस. ठशात साचलेला मळ काढायचाच असेल तर लाकडी दातकोरणं पुरतं. कायद्याच्या दृष्टीनंही एक सांगतो: दुरुस्त करूनही चालू शकणार नाही असंच जुनं हत्यार शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमाच्या सवलतीत बसतं. माउझर पोलाद शंभर वर्षांनीही चालू शकतं, म्हणून जुनी आहे एवढ्यावर गाफील राहू नये. या घराण्याची कागदपत्रं चोख आहेत आणि बोल्ट वेगळा, कुलपात असतो.

पाटीचं काय करायचं यावर घरात दोन मतं पडली. धाकट्या पिढीला ती बदलायची होती. आजीबाई म्हणाल्या, माझ्या सासऱ्यांनी लावलेली आहे, हात लावायचा नाही. शेवटी पाटी तशीच राहिली. तिच्याखाली आता एक छोटं कार्ड आहे, तिन्ही भाषांत: ओबर्नडॉर्फ, १३१९ रूमी, म्हणजे १९०३.