परसातले ससे : मटणासाठी ससेपालनाची प्राथमिक माहिती



मंडळाच्या पिकनिकला आमच्या सशांचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात : "खरंच खाता?" आणि "मारतं कोण?" दोन्हींची उत्तरं पुढे येतीलच. हा उद्योग करून पाहायची इच्छा असलेल्यांसाठी बाकीची माहितीही इथे एकत्र देत आहोत.

आम्ही नवरा-बायको दोघंही इंजिनिअर, दोघंही आय.टी.त. मुक्काम नॉर्थ कॅरोलायना. २०२० च्या वसंतात मांस प्रक्रियेचे मोठे कारखाने बंद पडले आणि दुकानातले कप्पे रिकामे दिसू लागले. तेव्हा मनात आलं, की-बोर्ड बडवण्यापलीकडे आपल्याला स्वतःच्या हातानं काय येतं? उत्तर फारसं अभिमानास्पद नव्हतं. म्हणून एक नर आणि दोन माद्या आणल्या.

ससेच का?

जागा कमी लागते आणि आवाज नाही. मटणासाठी न्यूझीलंड व्हाइट आणि कॅलिफोर्नियन या जाती चांगल्या. (नावावर जाऊ नका, दोन्ही अमेरिकेतच तयार झाल्या.) पूर्ण वाढलेला ससा ४ ते ५ किलोचा होतो. पण प्राणी आणण्याआधी तुमच्या वसाहतीचे आणि गावाचे नियम वाचा. काही ठिकाणी ससा 'पाळीव प्राणी' म्हणून चालतो, पण खाण्यासाठी पाळलेला चालत नाही. मांस विकायचं असेल तर प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. आम्ही फक्त घरापुरतं करतो.

पिंजरा आणि हवा

प्रत्येक मोठ्या सशाला स्वतंत्र पिंजरा हवा. मादीसाठी साधारण ३० इंच बाय ३६ इंच, उंची १८ इंच. तळाला अर्धा इंच बाय एक इंच जाळी, म्हणजे लेंड्या खाली पडतात. पाय दुखू नयेत म्हणून बसायला एक फळी ठेवावी. सशाला थंडी सोसते, उन्हाळा सोसत नाही. पारा ८५ फॅरनहाइटच्या (सुमारे ३० सेल्सियस) वर गेला की सावली, वारा आणि पिंजऱ्यात बर्फ झालेल्या पाण्याची बाटली हवीच. ससा त्या बाटलीला टेकून पडून राहतो.

खाणं-पिणं

वाळलेलं गवत सतत समोर, स्वच्छ पाणी सतत समोर. शिवाय १६ ते १८ टक्के प्रथिनं असलेलं गोळी खाद्य : मोठ्या सशाला दिवसाला सुमारे १५० ग्रॅम, पिल्लं पाजणाऱ्या मादीला हवं तेवढं. बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला, रुबार्बची पानं, अ‍ॅव्होकॅडो कधीही देऊ नका. ससा स्वतःच्याच मऊ लेंड्या खातो, ते पाहून घाबरू नका. त्याचं पचन तसंच चालतं.

वीण

मादी ५-६ महिन्यांची झाली की तिला नराच्या पिंजऱ्यात न्यावं. उलट करू नये, कारण मादी स्वतःच्या जागेत नराला चावते. गाभण राहिल्यापासून साधारण ३१ दिवसांनी ती विते. २८ व्या दिवशी पेंढा घातलेली पेटी पिंजऱ्यात ठेवायची. ती स्वतःचे केस उपटून त्यात गादी करते.

इथेच आमची मोठी चूक झाली. पहिल्या वेळी जमलं नाही असं समजून आम्ही मादीला चार दिवसांनी पुन्हा नराकडे नेलं आणि एक्सेलमध्ये दुसरी तारीख टाकली. पेटी ठेवायच्या दिवशी सकाळी पाहतो तर मादी आदल्या रात्रीच उघड्या जाळीवर व्यालेली. सात पिल्लांपैकी सहा गारठून गेली होती. सातव्याला हातात धरून ऊब दिली आणि पेटीत ठेवलं, ते जगलं. ऑफिसातली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते, ही करता आली नाही. आता आम्ही नेहमी पहिल्या तारखेपासून मोजतो.

पिल्लं जन्मतः आंधळी आणि बिनकेसांची असतात. साधारण १० ते १२ दिवसांनी डोळे उघडतात. मादी दिवसातून एक-दोन वेळाच, काही मिनिटं पाजते. ती पेटीत बसत नाही म्हणून पिल्लांना टाकलं असं समजू नये. रोज पोट भरलेलं आहे का ते पाहावं आणि मेलेलं पिल्लू लगेच काढावं.

आजार

'आर.एच.डी.व्ही.-२' हा विषाणू २०२० मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात पसरला. त्याने ससे अचानक मरतात. लशीला २०२१ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली, आपल्या पशुवैद्यांना जरूर विचारा. रानातल्या सशांचा आपल्या सशांशी संपर्क येऊ देऊ नका.

मारतं कोण?

आम्हीच. ससा ८ ते १२ आठवड्यांत सव्वादोन किलोच्या आसपास भरतो, तेव्हा हे काम येतं. ते व्हिडिओ पाहून पहिल्यांदा एकट्यानं करू नका. अर्धवट झालं तर त्रास प्राण्याला होतो. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त शेतकऱ्यानं दोन ससे समोर करून दाखवले आणि तिसरा आमच्या हातात दिला. हात थरथरत होते, पण झालं. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

मुलीला आधीच सगळं सांगितलं होतं. ती तेव्हा ९ वर्षांची होती. "मी ससा खाणार नाही," म्हणाली. आजही खात नाही, आम्ही आग्रह करत नाही. मात्र रोज संध्याकाळी पाणी बदलायचं काम तिनं सोडलेलं नाही. घरात एकच नियम : नर आणि माद्यांना नावं ठेवायची, पिल्लांना नाही.

स्वयंपाक आणि हिशेब

मांस एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून मगच शिजवावं, नाहीतर चिवट लागतं. चरबी फार कमी, म्हणून मंद आचेवर, भरपूर कांदा-खोबऱ्याच्या वाटणात छान होतं. आतलं तापमान १६० फॅरनहाइटपर्यंत जायला हवं.

दोन माद्या, प्रत्येकीच्या वर्षाला चार विणी, प्रत्येक विणीत सहा पिल्लं जगली तर ४८ ससे. निम्मं वजन मांसाचं धरलं तरी ५० किलोच्या वर जातं. पैसे मात्र वाचत नाहीत, दुकानातलं चिकन स्वस्तच पडतं. लेंड्यांचं खत थेट वाफ्यात घालता येतं, तेवढा मेथी-कोथिंबिरीचा फायदा.

आम्ही पूर्ण स्वावलंबी झालो असंही नाही. खाद्याची गोणी दुकानातूनच येते आणि मारायला शेजाऱ्यानं शिकवलं. पण ताटातलं मटण कुठून आलं आणि त्यासाठी काय करावं लागलं, हे आता आम्हाला माहीत आहे. वर्षातून आठ-दहा वेळा ते काम आम्ही दुसऱ्यावर ढकलत नाही.

कुणाला प्रत्यक्ष पाहायचं असेल तर वीकेंडला जरूर या. येताना गाजराचा पाला आणायला विसरू नका!